तोरणमाळचं पारायण आणि ध्वनिक्षेपकाचा दाखला

तोरणमाळला जायला कुणाचीही परवानगी लागत नाही, हे आधी सांगून टाकतो. शहाद्याहून एसटीत नाहीतर जीपमध्ये बसायचं आणि जायचं. सातपुड्याच्या माथ्यावरचं, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातलं गाव. गोरखनाथांचं मंदिर आहे, मच्छिंद्रनाथांची गुफा आहे, यशवंत तलाव आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारे पुष्कळ असतात. परवानगी लागते ती तिथल्या सरकारी विश्रामगृहात मुक्काम करायची, आणि मी पुढे जे लिहिणार आहे ते बहुतेक त्या परवानगीबद्दलच आहे. धुकं, दऱ्या आणि सूर्यास्त यांच्याबद्दल वाचायचं असेल तर इतरांनी भरपूर लिहून ठेवलंय.

माझ्या मायचं माहेर नाथभक्तांचं. दरवर्षी मार्गशीर्षात ती नवनाथांच्या पोथीचं पारायण करते: 40 अध्याय, नऊ दिवस, दिवा अखंड, जेवण एकदाच. एवढी वर्षं अमळनेरच्या घरात देवघरासमोर बसून केलं. यंदा मात्र तिच्या मनाने घेतलं की पारायण नाथबाबाच्या दारीच करायचं आणि समाप्ती दत्तजयंतीला तिथेच व्हायची. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले. तिला कमोड लागतो, गरम पाणी लागतं. म्हणून विश्रामगृह. नाहीतर मी त्या कार्यालयाच्या वाटेला गेलोच नसतो.

कार्यालय कोणतं, ते लिहीत नाही. खाली सपाटीवर आहे एवढं पुरे. तिथला एखादा माणूस हे वाचेल आणि त्याला कळेल, तेवढ्याने माझं समाधान आहे.

मी स्वतः पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक होऊन निवृत्त झालो. उभा जन्म टेबलाच्या आतल्या बाजूला गेला. त्यामुळे 'सरकारी लोक असेच' हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. उलट माझा राग जास्त आहे, कारण तिथे काय व्हायला हवं होतं ते मला पायरीपायरीने माहीत होतं.

अर्जाचा छापील नमुना मिळाला. त्यात 'प्रयोजन' असा रकाना. मी लिहिलं: 'मातोश्रींचे नवनाथ पोथीचे पारायण.' खिडकीतल्या मुलाने वाचलं आणि म्हणाला, "काका, असं नका लिहू, पर्यटन लिहा. सगळे तेच लिहितात." माय बाजूच्या बाकावर बसली होती. कानाने तिला कमी ऐकू येतं, पण नको तेवढं बरोबर ऐकू येतं. "मी काय पर्यटनले जाई राहिनू का?" असं ती इतक्या जोरात म्हणाली की आतले दोन-तीन जण बाहेर डोकावले. मुलगा हसला. मी रकाना तसाच ठेवला. जे करायला चाललोय तेच लिहिलं होतं, आणि खोटं प्रयोजन लिहिलेला अर्ज मी नोकरीत कधी पुढे जाऊ दिला नव्हता.

मग पोच. अर्ज देताना दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. हे मी ज्याला त्याला सांगतो. मुलगा म्हणाला, "पोच कशाला काका, फोन करा ना." फोनचा अनुभव पुढे आलाच. तो वाजत राहतो, मधेच कुणीतरी उचलून बाजूला ठेवतं आणि पंख्याचा आवाज ऐकू येतो. मी म्हटलं, शिक्का मारल्याशिवाय मी इथून हलत नाही. शिक्क्याची शाई वाळलेली होती. त्याने त्यावर दोनदा फुंकर मारली, शाईची गादी दाबून पाहिली, शेवटी जो शिक्का उमटला त्यात तारखेतला महिना वाचता येत नव्हता. तो मी त्याच्याकडूनच पेनाने गिरवून घेतला.

पुढच्या वेळी गेलो तर अर्ज नाही.

म्हणजे बारनिशीत, आवक कागदांच्या वहीत, नोंद होती, माझा क्रमांक होता, पण 'कोणाकडे दिला' या रकान्यात नुसती एक वळणदार रेघ. मुलगा रजेवर. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्या टेबलला असा अर्ज आलाच नाही." तिसऱ्या टेबलवरचे म्हणाले, विश्रामगृहाचे अर्ज आमच्याकडे असतात, पण हा नाही. साहेब? "साहेब फिरतीवर शेतस. सोमवारे या." सोमवारी गेलो तर साहेबांची बैठक. मी अमळनेरहून येणार, भुसावळ-सुरत लाईनवर दोंडाईचाला उतरणार, तिथून बस पकडणार, आणि इथे मला कुणी बसायलाही सांगणार नाही. पाणी मात्र विचारलं, ते खरं. शिपाई चांगला माणूस होता. शेवटी माझा अर्ज सापडला तोही त्याच्यामुळे.

तो म्हणाला, "काका, तुमच्या कागदात पारायण होतं ना? मग ते यात्रेच्या फाइलला लागलं असेल."

आणि खरंच लागलं होतं. महाशिवरात्रीला तोरणमाळवर मोठी यात्रा भरते. खानदेशातून, मध्य प्रदेशातून, गुजरातेतून लोक येतात, कित्येक पायी येतात. त्या यात्रेच्या बंदोबस्ताची जाडजूड फाइल. तिच्यात पाण्याचे टँकर, आरोग्य पथक, वाहनतळ या कागदांमध्ये माझ्या मायचा अर्ज टाचणीने अडकवलेला. कुणीतरी 'पारायण' हा शब्द पाहिला आणि धार्मिक कार्यक्रम म्हणून तिकडे ढकलला. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी समजून घेतलं असतं, कागद चुकीच्या फाइलला जातात. पण त्यावर शेराही पडला होता. शेरा असा: 'ध्वनिक्षेपक वापराबाबत पोलीस ठाण्याचा नाहरकत दाखला जोडावा. उपस्थित राहणाऱ्या भाविकांची अंदाजे संख्या कळवावी.' खाली झोकदार सही.

म्हणजे हा कागद कुणीतरी हातात घेतला, विचार केला, पेन उघडलं, आणि ऐंशीच्या पुढची एक बाई चष्मा लावून पोथी वाचणार आहे त्यासाठी लाउडस्पीकरचा दाखला मागितला. आणि मागितला तो मला कळवलाही नाही. शेरा मारून कागद फाइलमध्ये परत. मी गेलो नसतो तर तो तिथेच महाशिवरात्रीपर्यंत झोपला असता. आम्हाला पारायण बसवायचं होतं दत्तजयंतीच्या आत.

मी तिथेच कोरा कागद मागितला आणि उत्तर लिहिलं. ध्वनिक्षेपक: वापरणार नाही. भाविकांची संख्या: एक. सोबत तिचा मुलगा. तिसऱ्या टेबलवरचे गृहस्थ ते वाचून म्हणाले, "तुम्ही चेष्टा करताय का?" मी म्हटलं, साहेब, विचारलेल्या माहितीला मुद्देनिहाय उत्तर दिलंय.

यानंतर कागद योग्य टेबलवर आला आणि तिथे बसला. इथे एक उपयोगाची गोष्ट सांगतो. आपल्या राज्यात बदल्यांचा आणि विलंबाचा असा एकच 2005 चा कायदा आहे, त्याला बोलीत दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. भांडू नका. आवाज चढवला की समोरचा माणूस सुटतो, कारण मग विषय तुमच्या वागण्याचा होतो. फक्त एक पानी स्मरणपत्र द्या, त्यात मूळ अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख घाला, कायद्याचं नाव एका ओळीत घाला, आणि त्याचीही पोच घ्या. माझं स्मरणपत्र गेल्यावर अर्ज हलला. आधी 'बघतो' म्हणणारे गृहस्थ आता 'काका, टिपणी ठेवलीय' म्हणायला लागले.

टिपणीत दोन हरकती निघाल्या. एक, तीन दिवसांच्या वर आरक्षण देता येत नाही. दोन, खोलीत दिवा लावता येणार नाही, जंगलातली इमारत आहे, छताला लाकूड आहे.

दुसरी हरकत मला पटली होती, खोटं कशाला बोलू. पहिल्या हरकतीवर त्या गृहस्थांनीच तोडगा सुचवला: पोथी तीन दिवसांत वाचणारेही असतात, तसं करा. हे मी घरी येऊन मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तीन दिनमा उरकाले ती काय बाजारनी यादी शे का?" आणि पुन्हा निवडायला लागली. तो विषय तिथे संपला.

शेवटी साहेब भेटले. नव्याने आलेले, तरुण. मी पहिल्यापासूनची सगळी कागदपत्रं, पोच, शेरा, माझं उत्तर, स्मरणपत्र, क्रमाने लावून समोर ठेवली. त्यांनी लाउडस्पीकरचा शेरा वाचला, मग 'भाविकांची संख्या: एक' वाचलं, आणि चष्मा काढून डोळे पुसले. हसत होते. मला विचारलं, "आजी मोठ्याने वाचतात की मनात?" मी म्हटलं, ओठ हलतात, आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. मग दहा मिनिटांच्या आत काम झालं. तीन दिवसांची परवानगी, त्यावर हाताने 'खोली रिकामी असल्यास जागेवरच मुदतवाढ द्यावी'. दिव्याबद्दल: 'वाळूच्या घमेल्यात ठेवण्याच्या अटीवर'. मला त्या माणसाचा आदर वाटला आणि त्याच वेळी संतापही आला. दहा मिनिटांचं काम, आणि ती दहा मिनिटं ज्याच्याकडे होती त्याच्यापर्यंत कागद पोचवायला एवढी यातायात.

तेव्हा अर्ज करणाऱ्यांनी मुदतवाढीची विनंती मूळ अर्जातच लिहावी. वर गेल्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही, आणि चौकीदार बिचारा कागदाशिवाय काही करू शकत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. दोंडाईचाहून शहाद्याला जाताना तापीवर सारंगखेडा लागतं. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा मोठा बाजार असतो. आम्ही चाललो तेव्हाच घोडे यायला लागले होते, रस्त्याच्या कडेने टेम्पो उभे. यात्रेच्या ऐन दिवसांत त्या वाटेने जायचं असेल तर हाताशी वेळ ठेवा, किंवा नंदुरबारला उतरून प्रकाशामार्गे जा. शहाद्याहून तोरणमाळ 55 किलोमीटरच्या आसपास. म्हसावद, राणीपूर, मग डोंगर. सातपायरी घाटात वळणावर वळणं येतात. मायने आलेपाक तोंडात धरला आणि डोळे मिटून बसली. मागच्या सीटवरचं पोर मात्र ओकलं. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, तेव्हा निघण्याआधी शहादा स्टँडवर विचारून घ्यावं. औषधं आणि रोख पैसे शहाद्यातच घ्या, हे वरच लिहायला हवं होतं. वर जाऊन एटीएम शोधत बसू नका.

थंडीचं काय सांगू. अमळनेरची थंडी ही थंडीच नाही असं वाटायला लागतं. दोन रजया न्या.

चौकीदाराने घमेलं आणलं. कुठल्याशा बांधकामावरचं, काठाला सिमेंट चिकटलेलं. मायने ते आधी घासायला लावलं, दोनदा. मग वाळू चाळून घेतली, मधे खळगा केला, त्यात समई रोवली. सिमेंट लागलेल्या बाजूला हळदीकुंकू लावलं, म्हणजे ती बाजू झाकली जाईल असं तिला वाटलं असावं. पहाटे उठून अंघोळ, मग वाचन, अध्यायामागून अध्याय. दुपारी चौकीदाराची बायको ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ आणायची. माय पारायणात लसूण खात नाही हे तिला एकदाच सांगितलं, परत सांगावं लागलं नाही. संध्याकाळी हळूहळू चालत गोरखनाथांच्या मंदिरात, कधी तलावाच्या काठाने. सीताखाईला पावसाळ्यात धबधबा असतो, आता मार्गशीर्षात तिथे नुसती दरी. मायला ती बघायची नव्हतीच. "खाई बघाले मी का येल शे?" म्हणाली.

मुदतवाढ मिळाली, पण पुरती नाही. समाप्तीला काही दिवस असताना चौकीदार हात चोळत आला. कुणी मोठे साहेब दौऱ्यावर येणार होते, खोली खाली करावी लागणार. याबद्दल माझी तक्रार नाही. परवानगीच्या कागदावर ती अट छापलेली असते आणि मी वाचून सही केली होती. तुम्हीही वाचा. सरकारी विश्रामगृह म्हटलं की ही टांगती तलवार आलीच, दुसरी जागा आधीपासून हेरून ठेवा. आमच्यासाठी ती चौकीदारानेच पाहिली. जवळच्या पाड्यावर त्याच्या नात्यातलं पावरा आदिवासी कुटुंब होतं. कुडाच्या भिंती, शेणामातीने सारवलेलं घर. कमोडचा प्रश्न होता, तो चौकीदाराने पाठ काढलेली प्लास्टिकची खुर्ची आणि सुतार मिळून सोडवला. त्याचं वर्णन करत नाही, पण काम झालं.

अडचण दिव्याची होती. अखंड दिवा, तो वाटेत विझायला नको. चौकीदाराच्या मुलाने घमेलं दोन्ही हातांत धरलं, मी त्याच्या वाऱ्याच्या बाजूने छत्री उघडून चाललो, आणि माय पाठीमागून "सावकाश, सावकाश" करत. डिसेंबरात उघडी छत्री पाहून पाड्यावरची पोरं जमली आणि आमच्याबरोबर चालायला लागली. दिवा विझला नाही.

त्या घरात उरलेले अध्याय झाले. घरची बाई पावरीत बोलायची, माय अहिराणीत, आणि दोघींचं व्यवस्थित चालायचं. माझ्या प्रमाण मराठीपेक्षा बरं. पोरं दारात बसून पोथी ऐकायची. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण मच्छिंद्रनाथाचं नाव आलं की गुफेच्या दिशेने बोट करायची. म्हणजे विश्रामगृहात ज्यांची संख्या मी 'एक' लिहिली होती ती इथे वाढली. कार्यालयाला कळवलं नाही. राहण्याचे पैसे घ्यायला त्या लोकांनी नकार दिला, तेव्हा शहाद्याहून येणाऱ्या जीपवाल्याकडून शिधा मागवून दिला.

दत्तजयंतीला समाप्ती झाली. मंदिरात जाऊन नारळ ठेवला. माय खूश होती, म्हणजे तिने कशालाच नाव ठेवलं नाही.

शांतपणे राहायला जायचं असेल तर महाशिवरात्री टाळा, तेव्हा गर्दी हाच तिथला कार्यक्रम असतो. शनिवार-रविवारही टाळा. मोठ्या माणसांना नेत असाल तर खोली तळमजल्यावरची आहे का ते अर्जातच विचारा. आणि परवानगीवेळी भरलेल्या अनामत रकमेच्या पावतीची मूळ प्रत जपून ठेवा, झेरॉक्स घेत नाहीत. माझी अनामत अजून यायची आहे. अर्ज दिलाय. प्रयोजनाच्या रकान्यात यावेळी फक्त 'परतावा' लिहिलंय, म्हणजे तो यात्रेच्या फाइलला लागायचं काही कारण नाही. तरी पुढच्या आठवड्यात जाऊन शिपायाला विचारणार आहे.